जुळ्या चुका

१

टेबलावर दोन उत्तरपत्रिका शेजारी शेजारी पडल्या होत्या आणि त्यांच्याकडे बघता बघता परीक्षा नियंत्रकांचा चहा पार निवून गेला होता.

परीक्षा होती औषधालय चालवण्याच्या परवान्याची. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, त्यातल्या एकाचा गोल पेन्सिलीने काळा करायचा. कागद मशीनमधून सरसर जातात आणि निकाल लागतो. पण या खेपेला मशीन दोन कागदांवर अडखळलं. दोघांची बरोबर उत्तरं जुळली असती तर कुणी मान वर करून पाहिलंही नसतं, कारण बरोबर उत्तर एकच असतं. चुकायला मात्र तीन वाटा असतात. हे दोघे चुकतानाही हातात हात घालून चालले होते. जो प्रश्न दोघांनाही आला नव्हता, त्यात एकाने जो चुकीचा गोल भरला, नेमका तोच दुसऱ्यानेही भरला होता.

साहेबांनी आक्कांना बोलावून घेतलं. आक्कांची उभी हयात याच कार्यालयात पेपर तपासण्यात गेली. साहेब नवखे म्हणून आले तेव्हा त्यांना पेपर तपासायला आक्कांनीच शिकवलं. आता त्या निवृत्त झाल्या होत्या. कुणावर परीक्षाबंदी घालण्याआधी बाहेरच्या माणसाकडून चौकशी करून घ्यावी असा नियम होता, म्हणून ही आठवण. आक्कांना त्याचं वाईट वाटलं नाही. देवाने निवृत्तीनंतरही कामाला लावलं याचाच त्यांना आनंद होता, आणि जिना चढताना त्या भजनाची एक ओळ गुणगुणत होत्या.

साहेबांचं मत तयार होतं. पेपर फुटला, कुणीतरी उत्तरं विकली, घाईत काही चुकीची विकली. दोघांनाही कायमची परीक्षाबंदी. शुक्रवारी मंडळाची बैठक, तिथे निकालावर शिक्का.

“या वर्षी सगळे पर्याय मी स्वतः बसवलेत, आक्का,” ते म्हणाले. “तुक्का मारणाऱ्यांची धडगत नाही अशी सोय केली होती. म्हणून तर ही चोरी जास्त झोंबते.” बोलताना ते पेनाने टेबलावर हलकेच ठोके देत होते. विचारात पडले की त्यांची ती जुनी सवय.

आक्कांनी चष्मा पुसत विचारलं, की दोघं बसले कुठे होते.

वऱ्हांड्याच्या दोन टोकांच्या दोन खोल्यांत, साहेब म्हणाले. एकमेकांना दिसणंही शक्य नव्हतं. पण दोन्ही खोल्यांतून फिरणारा माणूस एकच होता.

२

फिरत्या पर्यवेक्षकाला सगळं कार्यालय कुरकुऱ्या म्हणे, कारण त्याचे बूट चालताना कुरकुरत. आज बूटही गप्प होते आणि तोही. आक्कांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, मुलांची चौकशी केली, तेव्हा कुठे त्याच्या तोंडाला शब्द फुटला.

खोली ओलांडून काही नेलं-आणलं नाही, अशी त्याने पोराबाळांची शपथ घेतली. पण एक गोष्ट त्याच्या मनात सलत होती आणि ती सांगितली तर आपलंच मरण ओढवेल असं त्याला वाटत होतं. त्या दोघा संशयितांतल्या मुलीला त्याने दोनदा दटावलं होतं. ती पेन्सिलीचं टोक बाकावर वाजवत होती. दुसऱ्या टोकाच्या खोलीत ते मध्यमवयीन गृहस्थ ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत मांडीवर ताल धरत होते. त्यांनाही त्याने टोकलं.

“वाजवून दाखव,” आक्का म्हणाल्या.

त्याने बोटाने दोन्ही ताल वाजवून दाखवले. टक टक, टकटक टक. आक्कांनी डोळे मिटून ऐकलं. गाणाऱ्या बुवांसमोर बसून त्यांचे कान तयार झाले होते. साथीदाराची बोटं कुठे चुकली तेही त्यांना कळे. इथे कुणीच चुकलं नव्हतं. दोन खोल्या, दोन माणसं, पण चाल एकच.

खुणेची भाषा, कुरकुऱ्या कुजबुजला. साहेबांना कळलं तर मी गेलो.

आक्कांनी दोन्ही उत्तरपत्रिका पुन्हा पुढे ओढल्या. एकीच्या कोपऱ्यावर निळा ठसा होता, दुसरीच्या पिवळा. म्हणजे दोघांना वेगवेगळे संच मिळाले होते. प्रश्न तेच, पण क्रम वेगळा. तिचा पहिला प्रश्न त्याच्याकडे कुठेतरी शेवटी होता. ठोक्यांनी प्रश्नाचा क्रमांक सांगितला असता तर समोरच्याने भलताच गोल भरला असता. मशीननेसुद्धा क्रम जुळवून घेतला तेव्हाच चुका जुळल्या होत्या.

“जा, घरी जाऊन पोटभर जेव,” आक्का म्हणाल्या. “तुझ्या बुटांशिवाय कुणीही दोषी नाही.”

तो गेला. पण खुणा नव्हत्या, तर चाल एक कशी?

३

औषधांचं दुकान चिंचोळं होतं. मागच्या भिंतीवर लाकडी खणच खण, काउंटरच्या काचेखाली खोकल्याच्या बाटल्या, आणि गोळ्यांच्या पट्ट्या कापून कापून पाती बोथटलेली एक कात्री. काउंटरमागच्या खुर्चीत कुणी नव्हतं, तिच्या हातावर भिंग ठेवलेलं होतं. ते त्या पेन्सिल वाजवणाऱ्या मुलीच्या वडिलांचं. थोरली बहीण लग्न होऊन गेली आणि दुकान हिच्या, धाकटीच्या, वाट्याला आलं.

वडील डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेत, तिने सांगितलं. त्यांना आता लेबल वाचवत नाही. परवाना त्यांच्या नावाचा, तोही या महिन्याअखेर संपतो आणि डोळ्यांमुळे त्यांना नवा मिळणार नाही. तिला मिळाला तर दुकान राहील. नाहीतर खाली ओढलेलं शटर पुन्हा वर जायचं नाही. हे सांगताना तिने एका गिऱ्हाइकाला पथ्य समजावलं आणि एका म्हातारबुवांना “आजोबा, ही गोळी जेवणानंतर, चहाबरोबर नव्हे” म्हणून प्रेमाने दटावलंही.

मग ती आक्कांकडे वळली.

“माझं चुकलं असेल, आक्का. नवे नियम आमच्या दुकानापर्यंत आलेच नव्हते, त्या प्रश्नांत मी गडगडले. पण ती चूक माझी आहे. उसनी घेतलेली नाही.”

न येणाऱ्या प्रश्नाचं ती काय करते, हे आक्कांनी विचारलं. कोरा सोडत नाही, ती म्हणाली. चुकीला गुण कापत नाहीत, मग कोरं का सोडायचं? आधी येणारे सगळे सोडवायचे, मग मागे फिरून अडलेल्यांकडे जायचं, आणि तरी नाही सुटलं तर घरचे काही ठोकताळे आहेत. बाबांनी लहानपणी शिकवलेले. दुसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नाही.

दुसरा संशयित रुग्णालयाच्या औषध भांडारात भेटला. खोक्यांच्या थप्प्यांमागून आधी त्याचं पोट आलं आणि मग तो. सगळे त्याला भांडारीकाका म्हणत. वर्षानुवर्षं खोकी मोजली, आता परवाना मिळाला तर औषधं हाताने देता येतील, एवढीच त्याची हौस होती.

“मावशी, कॉपीच करायची तर ऐन जवानीत केली असती,” तो म्हणाला. “तेव्हा लांबचं दिसत तरी होतं.”

त्या मुलीचं त्याने नावही ऐकलं नव्हतं. न आलेल्या प्रश्नांचं काय करतो, असं विचारताच तो लाजला. काही नाही हो, शाळेतल्या वेळची एक गंमत आहे, तीच अजून पुरते. मग त्याने आवाज उतरवला. एक चूक मात्र कबूल करतो. परीक्षेआधी चार दिवस तो नाक्यावरच्या क्लासमध्ये गेला होता. तिथला क्लासवाला म्हणायचा, पेपर आपल्या खिशात असतो.

४

क्लासवाल्याचा खिसा आक्कांनी फार वेळ तपासला नाही. माणूस बोलका होता आणि बोलता बोलता स्वतःच उघडा पडत होता. पेपर खिशात असतो ही जाहिरात आहे, मावशी, तो म्हणाला. पेपर खिशात असता तर मी स्वतःच परवाना काढून दुकान टाकलं नसतं का? त्याच्या क्लासात एकच मंत्र होता: न आलेल्या प्रश्नाला डोळे झाकून ‘ब’. भांडारीकाकांना तो पटला नाही आणि ते क्लास सोडून गेले. धाकटी तर या जिन्यावर कधी चढलीच नव्हती.

आक्का बसथांब्यावर बसल्या. जुळणाऱ्या सगळ्या चुका त्यांनी मनात ओळीने मांडल्या. त्या सगळ्याच्या सगळ्या नव्या नियमांवरच्या प्रश्नांत होत्या. दोघांपैकी एकालाही उत्तर येत नव्हतं तिथेच. सोप्या प्रश्नांत दोघं आपापल्या परीने बरोबर होते, कुठे एकाचं चुकलं तर दुसऱ्याचं बरोबर होतं. विकत घेतलेली उत्तरं असती तर सोप्यातही सारखेपणा दिसला असता. चोर जिथे अंधार आहे तिथेच चोरी करतो आणि उजेडात सचोटीने वागतो, हे काही खरं नव्हे.

म्हणजे या दोघांचं ज्ञान वेगळं होतं. सारखं होतं ते त्यांचं अज्ञानात वागणं.

आता ते उघड कसं करायचं? ज्ञानाचा प्रकाश पूर्ण मालवून टाकला तर? आक्कांना इतकं हसू आलं की शेजारची बाई सरकून बसली. घरी जाऊन त्यांनी देवापुढे दिवा लावला आणि लगेच एक प्रश्नपत्रिका लिहायला घेतली. तिच्यात एकही बरोबर उत्तर नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या वेगवेगळ्या खोल्यांत सगळ्यांना बसवलं. धाकटी, भांडारीकाका, क्लासवाला, कुरकुऱ्या. साहेब म्हणाले, मलाही एक प्रत द्या, बघू तरी तुमचा चमत्कार. आक्कांना तेच हवं होतं.

पहिला प्रश्न असा होता: झुंबाट्याला मिरकी लावल्यास काय होते? अ, तो नेहमीच निळा पडतो. ब, तो फुगतो. क, तो आकसतो. ड, मिरकी वितळते.

दुसरा: फिरगोळ्याचा चकवा कधी उतरतो? अ, पहाटे. ब, हवा कोरडी आणि गुळपट पुरेशी ताणलेली असेल तेव्हा. क, कधीच नाही. ड, उन्हात.

असे पानभर. क्लासवाल्याच्या खोलीतून आधी हसण्याचा आवाज आला आणि मग लगेच कागद आला. धाकटीच्या खोलीतून मात्र थोड्या वेळाने टक टक, टकटक टक ऐकू येऊ लागलं. वऱ्हांड्याच्या पलीकडे मांडीवर ताल पडला. आक्का मध्ये उभ्या राहून ऐकत होत्या. मग त्यांनी मान वळवली, कारण तिसरीकडूनही ठोके येत होते.

कागद गोळा झाले. क्लासवाल्याचे सगळे गोल ‘ब’. कुरकुऱ्याने गोलांची रांगोळी काढली होती. धाकटी आणि भांडारीकाकांचे कागद एकमेकांवर ठेवून खिडकीशी धरले तर एकच कागद वाटत होता.

साहेब उठून उभे राहिले. बघा, पुन्हा, ते म्हणाले. आता तरी पटलं?

“काय पटायचं?” आक्का म्हणाल्या. “उत्तर अस्तित्वातच नाही, मग चोरलं काय? बरं, हा तिसरा कागदही यांच्यावर ठेवते. बघा जुळतो का.”

जुळला. शेवटच्या गोलापर्यंत जुळला.

साहेबांनी कागदाचा कोपरा उलटला. त्यावर त्यांचंच नाव होतं.

६

मग आक्कांनी टेबलावर बोटांनी तोच ताल धरला आणि भांडारीकाकांकडे पाहिलं. ते ओशाळून गुणगुणू लागले:

“आलं ते आधी, अडलं ते मागे,
खाडाखोड स्वच्छ, डाग ना लागे...”

धाकटीचे डोळे विस्फारले. पुढची ओळ तिच्या तोंडून आपोआप आली:

“‘नेहमी’, ‘कधीच’ला दारात उभं कर,
भांडती दोघं, तर खालच्यावर बोट धर...”

आणि त्यापुढच्या दोन ओळी परीक्षा नियंत्रक म्हणत होते, आवाज त्यांचा नसल्यासारखे:

“भांडण नसेल तर लांबोडक्याला मान,
काहीच न सुचलं तर तिसऱ्याचं ध्यान.”

आक्कांनी सगळं उलगडून दाखवलं. ‘नेहमीच’ आणि ‘कधीच नाही’ म्हणणारे पर्याय आधी बाद करायचे. उरलेल्यांत दोन एकमेकांच्या उलट असतील, फुगतो आणि आकसतो असे, तर त्यातला खालचा घ्यायचा. तसे नसतील तर सर्वांत लांब पर्याय. तेही नसेल तर ‘क’. बरेच जण यातलं एखादं वापरतात. पण याच क्रमाने, दर वेळी, न चुकता वापरायला ते लहानपणी गाण्यात ऐकलेलं असावं लागतं.

“साहेब, तुक्का मारणाऱ्यांना पकडायला तुम्ही सापळे लावले. लांब पर्याय मुद्दाम चुकीचा, खालचा मुद्दाम चुकीचा. हे कुठून सुचलं?”

अनुभवातून, ते हळूच म्हणाले. मला वाटत होतं, माझ्याच अनुभवातून.

लाँड्रीवरच्या बाई, भांडारीकाका म्हणाले. बाजारपेठेतल्या लाँड्रीच्या वरच्या खोलीत त्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करून घेत. खालून इस्त्रीची वाफ यायची आणि वर पोरं गात असायची. साहेबांनी मान हलवली. तेही तिथेच जात, काकांच्या पुढच्या तुकडीत. मग वडिलांची बदली झाली, शाळा बदलली, पुढे पदव्या आल्या, आणि आपण आपल्याच हुशारीने वर आलो असं वाटू लागलं. त्यांनी लावलेला सापळा साऱ्या परीक्षार्थींत एकाच बाईंच्या लेकरांना पुरता पकडू शकत होता.

“लाँड्रीवरच्या बाई?” धाकटी म्हणाली. “बाबा त्यांच्याकडेच शिकले असणार, म्हणून तर बाईंचे डोळ्यांचे थेंब आजवर दुकानातून घरपोच जातात. मीच नेऊन देते. पण गाणं त्यांचं, हे बाबा कधी बोलले नाहीत.”

तिने साहेबांकडे आशेने पाहिलं. साहेबांनी नजर चुकवली. आदेश सकाळीच वर गेलाय, ते म्हणाले. माझ्या सहीने. आता मागे घ्यायचा तर मंडळासमोर उभं राहून सांगावं लागेल, की चोर नव्हतेच, माझे सापळे होते. आणि पुरावा काय, तर एक गाणं.

७

बाई आता तळमजल्यावर राहत होत्या. खिडकीशी वेताची खुर्ची, मांडीवर शाल, एका कानाला यंत्र. धाकटीला पाहून त्या म्हणाल्या, आज थेंबांचा दिवस नाही, पोरी. मग मागे उभे असलेले दिसले.

भांडारीकाकांना त्यांनी पोटावरून नाही, हसण्यावरून ओळखलं. बाकाखाली चणे खाणारा, त्या म्हणाल्या. साहेबांना ओळखेनात. साहेबांना नाव सांगायचं सुचलं नाही. त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरला. बाईंचा चेहरा उजळला.

“खोडरबर चावणारा! किती मोठा झालास रे.”

साहेब खाली वाकले आणि त्यांना लगेच उभं राहता येईना. किती वर्षांचं राहून गेलेलं एकदम करायचं होतं त्यांना.

आक्कांनी बाईंच्या हातात ती प्रश्नपत्रिका आणि पेन्सिल दिली. बाईंनी ती थेंब घालून, अगदी सावकाश, शेवटच्या प्रश्नापर्यंत वाचली. मग पेन्सिल खाली ठेवली. एकही गोल भरला नव्हता.

“शेवटची ओळ विसरलात वाटतं सगळे,” त्या म्हणाल्या आणि कापऱ्या पण सुरेल आवाजात गायल्या:

“प्रश्नच वेडा, तर नको तू फसू,
हात वर कर बाळा, गप्प नको बसू.”

धाकटीला ती ओळ ठाऊकच नव्हती. घरी ती कधी आलीच नव्हती. भांडारीकाकाही विसरले होते. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

साहेबांनी हात वर केला. वर्गात करतात तसा, कोपर कानाला लावून.

“बोल,” बाई म्हणाल्या.

“बाई, एक गोल चुकीचा काळा केलाय. कागद वर गेलाय.”

“घंटा झाली का?”

“नाही. उद्या होईल.”

“मग रडतोस कशाला? वेळ आहे की. जा, पूर्ण खोड. अर्धवट खोडलं की तपासणाऱ्याला दोन्ही दिसतात.”

शुक्रवारी साहेब मंडळासमोर उभे राहिले आणि त्यांनी अर्धवट काही ठेवलं नाही. सापळे आपले, अभ्यास त्या दोघांचा, आणि गाणं बाईंचं, असं सगळं त्यांनी सांगितलं. मंडळातल्या एका सभासदाने विचारलं, गाणं म्हणून दाखवाल का, आणि ते म्हणाले, शेवटच्या ओळीसकट. आदेश मागे आला. जुळ्या चुका चुकाच राहिल्या, त्यांचे गुण कुणाला मिळाले नाहीत. पण जे येत होतं तेवढ्यावर दोघंही पास होते.

महिनाअखेरीला दुकानाचं शटर नेहमीच्या वेळी वर गेलं. भिंतीवर नवा परवाना होता आणि खुर्चीत बसलेले वडील त्याच्यावरून भिंग फिरवत होते. नाव दिसतंय का, असं त्यांनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा धाकटीने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

मग तिने थेंबांची बाटली पुडीत घातली. आज थेंबांचा दिवस होता. दारात तिला साहेब भेटले. आडबाजूला गाडी लावून ते तिची वाट बघत होते.

“ती पुडी,” ते म्हणाले, “या खेपेला मी नेऊ का?”

विचारताना त्यांचा हात अर्धा वर गेला होता.

धाकटीने पुडी त्याच हातात ठेवली.